धुळ्याहून येणाऱ्या कॅसेटी

सिल्वासाच्या टोकरखाडा भागातल्या आमच्या सरकारी कॉलनीत माझ्याबद्दल एक समज पक्का होता. मी दुपारी दीड वाजता दार लावून घेते, कानाला यंत्र लावते आणि भजनं ऐकते. समोरच्या पटेलबेन एकदा म्हणाल्यासुद्धा, "तुमी ऐकता ऐकता रडता पण, नै? केवढी भक्ती छे तुमच्यात!" मी हसून वेळ मारून नेली. खरं सांगायची सोय नव्हती. त्या कॅसेटींत भजन एकही नव्हतं. धुळ्याच्या एका खोलीत बसलेल्या अनोळखी घरांची भांडणं होती, मध्येच वाजणाऱ्या कपबशा होत्या, आणि त्या सगळ्यांना बोलतं करू पाहणाऱ्या एका मुलीचा आवाज होता. तो आवाज ऐकणं हीच माझी नोकरी होती.

नोकरीही धड नव्हे. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात माझ्या नवऱ्याची, सुधाकरची, सिल्वासाला बदली झाली. तो जमीन मोजणी खात्यात. तोपर्यंत मी मुंबईत एका संस्थेत कुटुंबोपचार शिकवत होते. म्हणजे काय, हे आजही लोकांना समजावून सांगावं लागतं. घरात एकाला काही होतं. झोप उडते, कुणी रुसून बसतं, कुणी पिऊ लागतं. तेव्हा त्या एकालाच दुरुस्त करत न बसता सगळ्या घराला एका खोलीत बसवायचं आणि त्यांच्यात काय अडलंय ते त्यांच्याच तोंडून काढायचं. पुस्तकात वाचून हे येत नाही. शिकणाऱ्याच्या मागे कुणीतरी जुनं माणूस लागतं. मुंबईत त्यासाठी एक खास काच होती. अलीकडे शिकाऊ मुलगी आणि कुटुंब, पलीकडे अंधारात मी. त्यांना मी दिसत नसे, मला ते सगळे दिसत. कुटुंबाला ते ठाऊक असे.

सिल्वासात काच कुठली आणणार? आमच्या विभागप्रमुखांनी मार्ग काढला. जिल्ह्याजिल्ह्यांतून सल्ला केंद्रं निघत होती, तिथल्या मुलांना शिकवायला कुणी नव्हतं. त्यांनी घरच्यांची परवानगी घेऊन बैठक टेप करायची आणि कॅसेट रजिस्टरने मला पाठवायची. मी ऐकायची आणि माझं म्हणणं दुसऱ्या कॅसेटवर बोलून परत धाडायचं. जायला पाच दिवस, यायला पाच दिवस. आमचा पोस्टमन कोपऱ्यावरूनच ओरडे, "बेन, कॅसेट आवी!" आणि मी शाळेतल्या मुलीसारखी दाराशी धावत जाई.

माझी एक खोड होती, तीही सांगायला हवी. त्या काळी आमच्या विषयात मानत, की घर म्हणजे तराजू, प्रत्येकाचा थोडाथोडा भार, प्रत्येकाचा थोडाथोडा दोष. टाळी एका हाताने वाजत नाही. मी शिकवताना विचारायची, टाळी दोन हातांनी वाजली हे खरं, पण कुणाचा हात किती लाल झाला? खोलीत आधी कोण बोललं? चहा आणायला कोण उठलं? 'आपण सगळ्यांनी जरा जुळवून घेऊ' असं ठरलं, तेव्हा प्रत्यक्षात जुळवून घ्यायला कोण लागलं? याला स्त्रीवाद म्हणतात, असं म्हटलं की निम्मी मुलं वहीत लिहून घेत आणि निम्मी घाबरत. म्हणून मी एक सोपी युक्ती काढली होती. टेप लावायची, शेजारी घड्याळ ठेवायचं आणि कोण किती मिनिटं बोललं ते लिहायचं. नाशिकच्या कुलकर्णी नावाच्या एका तरुणाला मी कळवलं होतं, की पन्नास मिनिटांच्या बैठकीत चौतीस मिनिटं तो स्वतःच बोलला, आणि त्यातली दहा मिनिटं 'स्त्रियांना बोलू दिलं पाहिजे' या विषयावर. त्याने उलट टपाली राजीनामा पाठवला. पुढे तो विमा एजंट झाला आणि चांगला चालला, असं ऐकलं.

विजया मात्र टिकली.

विजया धुळ्याच्या केंद्रात होती. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची, लग्न न केलेली, प्राथमिक शिक्षकाची मुलगी. तिचा आवाज जाडसर होता आणि कुणी रडू लागलं की आणखी खाली उतरे. पहिल्याच कॅसेटवर एक म्हातारा सलग सहा मिनिटं रडला आणि ही एक अक्षर बोलली नाही. फक्त शेवटी म्हणाली, "पाणी ठेवलंय, बाबा." मी तिथेच टेप थांबवला. असं गप्प बसणं शिकवून येत नाही. त्यानंतरची दोन वर्षं मी तिची वाट पाहत काढली, असं म्हटलं तर सुधाकरला राग येईल, पण ते खरं आहे. सिल्वासात मला काम नव्हतं, मैत्रीण नव्हती. सुधाकर सकाळी मोजणीच्या साखळ्या आणि नकाशे घेऊन किलवणी गावाकडे जाई तो दिवेलागणीला येई. विजयाच्या आवाजाखेरीज मला माझ्या भाषेत आणि माझ्या विषयावर बोलणारं कुणी नव्हतं. आणि तिला मी कधी पाहिलं नव्हतं.

कमलची कॅसेट आली ती दुसऱ्या वर्षी.

कमल शिंदखेड्याच्या बाजूच्या एका खेड्यातली सून. चोविशीतली. तिला तिची सासू आणि दीर घेऊन आले होते. तक्रार एकच, दीड महिना झाला, ही बोलत नाही. "काम करती, सैपाक करती, म्हाताऱ्याचं सगळं करती," सासू सांगत होती, "पण तोंडातून शब्द नाई. भगताकडं नेलं, अंगारा लावला. मुकी झाली का काय?" सासऱ्यांचं लकव्याने एक अंग गेलेलं होतं. त्यांना उचलायचं, बसवायचं, धुवायचं, हे दोघी सासूसुना करत. कमलचा नवरा सुभाष दूर सुताच्या कारखान्यात कामाला होता. दोन-अडीच महिन्यांनी एकदा येई.

मी घड्याळ लावलं. सासू बावीस मिनिटं, दीर नऊ, विजया अकरा. कमल, एक मिनिटाच्या आत. विजयाने शेवटी ठरवलं होतं, की घरच्यांनी तिच्याशी गोड बोलावं आणि रोज सगळ्यांनी एकत्र जेवावं. मी नाराज झाले. पुन्हा टेप लावली. दीर मोठ्याने सांगत होता, "भाऊ सिल्वासाले हाये ना, तिकडं नरोलीले, पुलापलीकडं..." आणि त्याच्या वाक्याखाली, अगदी खाली, एक बाईचा आवाज होता. चार वेळा मागे नेऊन ऐकला.

"माले बी तठे जानं शे."

मलाही तिथे जायचंय. मुंबईत असते तर मला ते कळलंही नसतं. पण आमच्या कॉलनीमागच्या चाळीत खानदेशातल्या बायका राहत, नळावर त्यांची अहिराणी रोज कानावर पडे. विजया तर त्याच मुलखातली, पण समोर दीर मोठ्याने बोलत असताना तिला ते ऐकू आलं नव्हतं. दीड महिना मुक्या झालेल्या बाईने एकच वाक्य म्हटलं होतं आणि खोलीतल्या तिघांनी ते ऐकलं नव्हतं.

मी माझी कॅसेट भरली. पंचेचाळीस मिनिटं. कमल आजारी नाही, तिला कुणी विचारलेलं नाही. सुभाषला बोलवून घे. कमलला सिल्वासाला पाठवायचं, हाच मुद्दा पुढे ठेव. बाकी एकत्र जेवण वगैरे सोडून दे.

विजयाचं पत्र आलं. "बाई, ते वाक्य मला ऐकू आलं नाही याची लाज वाटली. पण एक लिहिते. सासू वाईट नाही. साठीची आहे. कमल गेली तर म्हाताऱ्याला ती एकटी उचलणार. तीही बाईच आहे ना? तिचं काय करू?"

प्रश्न बरोबर होता, मला तो आवडला नाही. मी पुन्हा कॅसेट भरली. घरातल्या आजाऱ्याचं ओझं सुनेच्या खांद्यावर टाकणारी पद्धत, वगैरे. जोरात बोलले असणार, कारण पटेलबेननी खिडकीतून डोकावून पाहिलं.

आणि मग मी ते केलं, जे करायचं नसतं.

आमच्या कामात मागे बसणाऱ्याने पुढे यायचं नसतं. जे घर दुसऱ्याच्या हाती आहे, त्या घराच्या दारात आपण जायचं नाही. पण सुभाष माझ्यापासून नदीच्या एका पुलाइतका दूर होता. कारखान्याचं नाव टेपवर आलं होतं. आठ दिवस मी स्वतःला आवरलं. नवव्या दिवशी, कारखान्यांना सुट्टी होती त्या दिवशी, रिक्षात बसून नरोलीला गेले.

नरोली तेव्हा नुकती बदलू लागली होती. भाताच्या खाचरांना लागून कारखान्यांच्या भिंती, आणि भिंतींना लागून पत्र्याच्या छपराच्या खोल्यांच्या रांगा. दारावर खडूने आकडे. बाहेर दोऱ्यांवर एकसारखे निळे शर्ट. दोन जणांना विचारल्यावर तिसऱ्याने खोली दाखवली. आत पाच गाद्या आणि राहणारे आठ जण. दोन पाळ्यांचे लोक, एक उठला की त्याच जागी दुसरा झोपायचा. सुभाष स्टोव्हवर भाकरी भाजत होता. सडपातळ, लाजाळू, अंगाला सुताच्या तेलाचा वास. "काय पाहिजे बाई?" त्याने विचारलं.

"सर्वे आहे," मी म्हटलं. खोटं इतकं सहज आलं, की माझं मलाच नवल वाटलं. "गावाकडे कोण असतं? कुटुंब का आणलं नाही?"

त्याने भाकरी उलटली. "आणायची तर हाये. या रांगेतली शेवटची खोली मालकाला सांगून ठेवलीय. पण तिकडं दादांचं कोण करीन? आईसमोर तोंड उघडत नाही माझं." मग म्हणाला, "तुमच्या सर्वेत हे लिहिता का?"

मी लिहून घेतल्यासारखं केलं. परतताना पुलावर रिक्षा थांबवून खाली उतरले. खूप समाधान वाटत होतं. मी हे कमलसाठी केलं, असं मी स्वतःला सांगितलं आणि बरीच वर्षं सांगत राहिले. आता वय झाल्यावर खरं सांगायला हरकत नाही. दोन वर्षं मी नुसते आवाज ऐकत होते. त्यांतला एक तरी चेहरा मला पाहायचा होता.

विजयाला मी एवढंच कळवलं, की सुभाषला बोलव, तो तयार असेल असं मला वाटतं. तिने बोलावलं. तीन आठवड्यांनी त्या बैठकीची कॅसेट आली.

मी दार लावून ऐकायला बसले. सुरुवात चांगली होती. विजया विचारत होती, सुभाष अडखळत होता. मग तो म्हणाला, "कुटुंब आणायचं मी आधीच बोललो होतो. त्या सर्वेवाल्या बाईला."

"कोण सर्वेवाली?" दिराने विचारलं.

"आली होती एक. मराठीच होती. मुंबईची वाटली. फक्त मलाच विचारलं तिनं, बाकी कुणाला नाही."

दीर लगेच म्हणाला, "ताई, आपण बोलतो ते टेप जिच्याकडं जातं, ती बाई कुठं राहते?"

मी टेपकडे पाहत राहिले. विजयाला खोटं बोलता आलं असतं. माहीत नाही, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. तिचा तो जाडसर आवाज अगदी खाली आला. "सिल्वासाला राहतात. त्याच असतील."

सासू जे बोलली ते मला आजही शब्दन् शब्द पाठ आहे. "मग चोरून कशाले पाहायचं? आमी काय लपवलं होतं? विचारलं असतं तर सांगितलं असतं." खुर्च्या सरकल्याचा आवाज आला. कुणीतरी कमलला "चाल" म्हणालं. दार वाजलं. त्यानंतर नुसती टेप फिरण्याची खरखर.

मी कॅसेट काढणार होते. मग दुसऱ्या बाजूवर पेन्सिलीने लिहिलेलं दिसलं, 'बाईंसाठी'.

त्या बाजूवर विजया एकटी बोलत होती.

"बाई, तुमच्या मागच्या दोन्ही कॅसेटींना मी घड्याळ लावलं. एक पंचेचाळीस मिनिटांची, एक बावन्न. दोन्हींत माझी मिनिटं शून्य. मी पत्रात एक प्रश्न विचारला होता, त्याचं उत्तर तुम्ही दिलं नाही. तुम्ही त्या प्रश्नावर बोललात, पण मला काय वाटतं ते विचारलं नाही. कमल बोलेनाशी का झाली असेल, ते मला आता कळतंय. सासू काही दुष्ट नसते हो बाई. तिला फक्त खात्री असते, की सुनेच्या भल्याचं तिला जास्त कळतं. तुम्ही नरोलीला गेलात, मला सांगितलं नाहीत. माझं घर होतं ते. सांभाळायला माझ्याकडे दिलेलं. आता ते परत येणार नाहीत. एवढंच."

तिला रडू आलेलं नव्हतं. मला आलं. पटेलबेननी पाहिलं ते बहुधा त्या दिवशीचं.

माझा पहिला विचार शरमेचा नव्हता. रागाचा होता. कालची पोर, हिला मी घडवली, वगैरे. दोन दिवस तो राग पुरला. तिसऱ्या दिवशी जेवताना सुधाकरला सगळं सांगितलं, नावं वगळून. तो कमी बोलणारा माणूस. त्याने ताक वाढून घेतलं आणि म्हणाला, "मोजणीत एक असतं. दोघांच्या बांधावर आपण खुंटी रोवायची नाही. दोघांना उभं करायचं आणि त्यांनाच रोवायला लावायची. आपण रोवली की दोघं मिळून उपटतात."

मी कॅसेट भरली नाही. आंतर्देशीय पत्र घेतलं. चार ओळी लिहिल्या. 'माझं चुकलं. तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला येत नाही. पुढे काय करायचं ते तू ठरव. कळवलंस तर आवडेल, नाही कळवलंस तरी चालेल.'

शेवटचं वाक्य खोटं होतं. तिने कळवलं नाही तर कसं होईल, या विचाराने मी महिनाभर अर्ध्या जेवणावरून उठत होते. पोस्टमन समोरून जाताना मान हलवून 'नाही' म्हणे. दुपारी मी दार लावून घेई आणि नुसती बसे. एक माणूस, जिचे नाकडोळे मला माहीत नव्हते, जिची उंची माहीत नव्हती, तिच्यावाचून घर इतकं रिकामं वाटू शकतं, हे मी कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं.

पाचव्या आठवड्यात जाड पाकीट आलं. आत पत्र आणि कॅसेट.

विजया त्या खेड्यात गेली होती. एसटीने फाट्यापर्यंत आणि तिथून चालत. ओसरीवर बसून तिने सासूची माफी मागितली, माझ्या वतीने नव्हे, स्वतःच्या. 'तुमचं बोलणं जिथे जातं, तिथलं माणूस कसं वागेल हे बघणं माझं काम होतं,' असं म्हणाली. सासूने ऐकून घेतलं आणि चहा टाकला. विजयाने तिला एक प्रश्न विचारला, जो आम्ही दोघींनी, मी घड्याळवालीने आणि तिने, इतक्या बैठकांत विचारला नव्हता. "मावशी, तुम्हाला स्वतःला काय पाहिजे?"

म्हातारी म्हणे हसली. "मले? मले एक रात निजू द्या बापा. याले रातीतून तीनदा कुशीवर वळवा लागतं."

"आणि वळवतं कोण?"

"मी नाई तं कमल."

"आणि भाऊ?" विजयाने दिराकडे पाहिलं. तो दाराशी उभा होता. धडधाकट, अठ्ठावीस वर्षांचा, पोती उचलणारा. "यांनी कधी उचललंय का?"

सासूने तोंडाला पदर लावला. विजयाने लिहिलं होतं, 'बाई, तुम्ही म्हणत होतात सुनेने जावं, मी म्हणत होते सासूचं काय. आपण दोन बायकांमध्येच वाटणी करत बसलो होतो. तो तिसरा तिथेच उभा होता. आपल्या घड्याळात त्याची नऊ मिनिटं होती. कामात काहीच नव्हतं.'

कॅसेटवर पुढच्या भेटीचं रेकॉर्डिंग होतं. ते पाठवण्याआधी विजयाने सासूला विचारलं होतं. सासू म्हणाली होती, "ऐकू दे तिले. पण म्हणावं, पुन्हा यायचं तं घरी ये, जेवायले बस." त्या कॅसेटवर दीर बापाला उचलायला शिकत होता. शिकवत होती कमल. "हात खाले घाल. खाले. मान धर पहिले." तिचा आवाज मी पहिल्यांदा नीट ऐकला. बारीक, पण स्पष्ट, जरा अधिकाराचा. दीर धापा टाकत होता. म्हातारा, ज्याचे शब्द लकव्याने गेले होते, काहीतरी हुंकारला. सासू मोठ्याने हसली, मग कमलही.

मी घड्याळ लावलंच नाही.

सगळं एका दिवसात जुळलं नाही. दीर दोनदा भांडून शेतावर निघून गेला. गावात लोक त्याला बायल्या म्हणाले. एकदा म्हातारा हातातून निसटला आणि खांदा दुखावून बसला, तेव्हा सगळं पुन्हा कमलवर येणार असं दिसत होतं. विजया तीन-चार महिने जात राहिली. तिच्या कॅसेटी येत, आणि मी उत्तरादाखल पाच मिनिटांवर बोलायचं नाही, असं ठरवून टाकलं. बाकी सगळी टेप मोकळी ठेवून पाठवी. ती त्यावरच बोलून परत करी. मग आमचं खरं बोलणं सुरू झालं. ती विचारी, मी सांगे. मी विचारी, ती सांगे. तिने लग्न का केलं नाही ते, तिच्या वडलांच्या डोळ्यांचं, केंद्रातल्या साहेबांना तिची सायकल का खुपते ते. ते वर्ष मला परत मिळालं तर मी दुसरं काही मागणार नाही.

पुढच्या उन्हाळ्यात कमल नरोलीला आली. रांगेतली शेवटची खोली. मला ते ठाऊक होतं आणि मी तिकडे फिरकले नाही. पण एकदा सिल्वासाच्या बाजारात मेथीची जुडी पाहत असताना मागून आवाज आला. "काय भाव लावता भाऊ, ही काय सोन्याची मेथी शे का?" बारीक, स्पष्ट. भाजीवाला गुजरातीत काही म्हणाला, तिने त्याला आणखी चार वाक्यं ऐकवली. एका दमात चार. वळले असते तर तिचा चेहरा दिसला असता. मी मेथीकडे पाहत उभी राहिले. आवाज पुढे गेला, गर्दीत मिसळला. मेथी न घेताच मी घरी आले.

विजयाचं शिक्षण संपलं तेव्हा आम्ही नाशिकला भेटायचं ठरवलं. ती धुळ्याहून येणार, मी सिल्वासाहून. एका ओळखीच्या शाळेच्या आवारात. ती माझ्या कल्पनेपेक्षा बुटकी होती, गोरी होती, आणि कपाळाला आठी होती. मी तिच्या कल्पनेपेक्षा बरीच म्हातारी निघाले असणार. आम्ही समोरासमोर बसलो आणि आम्हाला बोलताच येईना. प्रवास कसा झाला, गर्दी होती का, असली वाक्यं. इतक्या वर्षांच्या ओळखीची माणसं पाहुण्यांसारखी बसलो होतो. शेवटी तीच म्हणाली, "बाई, तुम्ही अशा समोर बघता ना, मला सुचतच नाही." मग आम्ही एका बाकावर शेजारी बसलो, दोघीही समोरच्या मैदानाकडे बघत. आणि आवाज ओळखीचे झाले. तीन तास बोललो.

तेव्हा तिने विचारलं, "तुम्ही सिल्वासाला का आलात? मुंबईचं काम सोडून?"

"सुधाकरची बदली झाली."

"हो, पण तुम्हाला कुणी विचारलं होतं?"

मैदानात मुलं पकडापकडी खेळत होती. मी म्हटलं, "नाही. आणि मीही सांगितलं नाही. इतक्या बायकांना 'तुम्हाला काय पाहिजे' विचारायला शिकवलं, पण त्या वेळी माझ्या तोंडातून एक वाक्य निघालं नाही."

मग तिच्या गाडीची वेळ झाली.

नंतर कॅसेटी थांबल्या. थांबायलाच हव्या होत्या. तिला मागे कुणी बसवायची गरज उरली नव्हती. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर सिल्वासात गल्लोगल्ली एसटीडी बूथ झाले होते. महिन्या-दोन महिन्यांनी मी तिला फोन करी. तिच्याकडे आता तीन मुली शिकत होत्या, एक नंदुरबारला, दोन आसपासच्या तालुक्यांना. त्या तिला कॅसेटी पाठवत. ती सांगे आणि मी रिसीव्हर कानाशी घट्ट धरून ऐके. एकदा न राहवून मी म्हटलं, "विजया, त्यातली एखादी मला पाठव ना. सुधारायला नाही. नुसती ऐकेन."

ती म्हणाली, "मुलींना आणि त्या घरांना विचारते, बाई."

आठ दिवसांनी मी पुन्हा बूथवर गेले. बूथवाल्याने नंबर लावून दिला. "दोघी हो म्हणाल्या," विजया म्हणाली. "एक नको म्हणाली."

"मग त्या दोघींच्या पाठव."

"नाही बाई." तिचा आवाज खाली आला, आणि मला कळलं की हे ती खूप वेळ जुळवत बसली होती. "नको मलाच आहे. तुम्ही ऐकताय म्हटलं, की मी तुमच्यासाठी बोलायला लागेन. त्या मुलींसाठी नाही. मी स्वतःला ओळखते. रागावलात?"

समोरच्या मीटरवर आकड्यांचे लाल दिवे भराभर पुढे सरकत होते. मी म्हटलं, "नाही. बरोबर आहे तुझं. हेच बरोबर आहे."

"बाई, तुम्ही बऱ्या आहात ना?"

"अगदी बरी आहे," मी म्हटलं आणि फोन ठेवला. रिसीव्हरवरून माझा हात निघत नव्हता. काचेपलीकडून बूथवाल्याने विचारलं, "बेन, लाइन कट थई गई?"

"नाही," मी म्हटलं. "बोलणं झालं."

बाहेर ऊन होतं. टोकरखाड्याच्या रस्त्याने चालताना माझी छाती अभिमानाने भरून आली होती आणि डोळ्यांपुढचं धड दिसत नव्हतं. इतका चांगला नकार मी माझ्या उभ्या नोकरीत कुणाच्या तोंडून ऐकला नव्हता. तो कुणाला तरी सांगावा, त्यातलं एकेक वाक्य उलगडून दाखवावं, असं फार वाटत होतं. पण ते ज्याला कळलं असतं असं माझ्या ओळखीचं एकच माणूस होतं, आणि तिनेच तो दिला होता.